नवव्या खोलीचं बुकिंग

"खोल्या आठ," अण्णा म्हणाले.

मी नुकताच दोन्ही मजले फिरून आलो होतो. दारं मोजली होती. वर पाच, खाली चार. नऊ होत होती.

"अण्णा, नऊ आहेत ना?"

"आठ लिहा सार," ते म्हणाले आणि अंगणात कुणीतरी गरम पाणी मागत होतं म्हणून उठून गेले.

मी वहीत आठ लिहिलं. नंतर लॅपटॉपवर मात्र नऊ टाइप केलं. वयस्कर माणूस, एखादी खोली मोजायची राहिली असेल, असं मला वाटलं. पुढचं सगळं एवढ्यावरूनच घडलं. चूक कुणाची होती ते आधीच सांगून टाकतो, कारण ते सांगायला मी पुरेसा उशीर केला आहे. चूक माझी होती.

मी मूळचा नागपूरचा. बेंगळुरूत येऊन अठरा वर्षं झाली. बेळ्ळंदूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. चामराजपेटेत मराठी मंडळींचं एक जुनं छत्र आहे. छत्र म्हणजे इकडच्या बोलीत धर्मशाळा. सांगली, सोलापूर, बेळगाव भागातली माणसं मोठ्या आजारासाठी बेंगळुरूच्या दवाखान्यांत येतात, तेव्हा इथे उतरतात. एक पलंग, एक सतरंजी, खाली सगळ्यांसाठी एक स्वयंपाकघर. छत्र सांभाळतात रामोजीअण्णा. वय बहात्तर. मागच्या अंगणाला लागून त्यांची स्वतःची एक लहानशी खोली आहे. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या इकडे आहे की त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली असते.

छत्राच्या सेक्रेटरी शारदाअक्का. बँकेतून रिटायर झालेल्या. एका हळदीकुंकवाला माझ्या बायकोला, नीताला भेटल्या आणि आठवडाभरानं मला समोर बसवून म्हणाल्या, "तुम्ही पुण्याकडचे लोक सगळं फोनवर करता. आमच्या छत्राचं पण करून द्या. दिवसभर फोन वाजतो, अण्णा किती धावणार?"

"नागपूर, अक्का."

"तेच की."

काम मला सोपं वाटलं. हल्ली वेबसाइट बनवायला कोड लिहावाच लागतो असं नाही. एआय असिस्टंट मिळतात. काय हवं ते साध्या भाषेत लिहायचं, तो पानं बनवून समोर ठेवतो. आपण लिहितो त्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. प्रॉम्प्ट जितका चांगला तितकं काम चांगलं. ऑफिसात नव्या मुलांना हेच शिकवणं माझ्याकडे आहे.

तरीही माझा पहिला प्रॉम्प्ट आळशी होता. अर्थ असा: 'एका धर्मादाय अतिथिगृहासाठी सुंदर, आधुनिक वेबसाइट बनव. हॉटेलसारखं ऑनलाइन बुकिंग दे.' दोन मिनिटांत वेबसाइट तयार झाली. पहिल्या पानावर निळा स्विमिंग पूल. त्याखाली 'आमच्या पाहुण्यांचे अनुभव', तीन हसरे चेहरे, प्रत्येकाच्या नावापुढे पाच चांदण्या.

अक्कांनी चष्मा वर केला. "हे कोण?"

"कुणीच नाही. त्यानं मनानं बनवलेत."

"मग काढा. आपल्याकडं खऱ्या माणसांना जागा पुरत नाही."

यात असिस्टंटची काही चूक नव्हती. मी हॉटेल म्हटलं, त्यानं हॉटेल दिलं. त्याला जे सांगितलेलं नसतं ते तो अंदाजानं भरतो, आणि त्याचा अंदाज जगातल्या सगळ्या वेबसाइटींची सरासरी असतो. आपलं छत्र त्या सरासरीत कुठेच नसतं.

म्हणून दुसऱ्या वेळी मी मन लावून लिहिलं. इथे कोण येतं ते लिहिलं: आजारी माणूस आणि त्याच्याबरोबर घाबरलेला एक नातेवाईक. त्यांचा फोन जुना असतो, रेंज कमी असते, म्हणून पान हलकं हवं आणि अक्षरं मोठी. पहिल्याच पानावर दवाखान्यापर्यंत कोणती बस जाते ते यावं. भाषा मराठी आणि कन्नड. काय नको तेही लिहिलं: सजावटीचे फोटो नकोत, पाहुण्यांचे अनुभव नकोत, 'त्वरा करा, दोनच खोल्या शिल्लक' असली भीती घालणारी वाक्यं नकोत. शेवटी एक वाक्य घातलं, जे मी सगळ्यांना घालायला सांगतो: 'काम सुरू करण्याआधी शंका असतील तर मला विचार.'

हे वाक्य फार कामाचं आहे. ते नसलं तर असिस्टंट अंदाज करतो, असलं तर विचारतो. त्यानं चार प्रश्न विचारले. बुकिंग किती दिवस आधी घ्यायचं? जास्तीत जास्त किती दिवस राहता येईल? रद्द करायचं तर कसं? आणि चौथा, की एखादी खोली ऑनलाइन बुकिंगमधून वगळायची आहे का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं माझ्या वहीत होती. चौथ्याचं नव्हतं. मी छत्राच्या ऑफिसातच बसलो होतो. अण्णा अंगणात नळाशी होते, दहा पावलांवर. चार वाजता अक्कांच्या कमिटीला डेमो दाखवायचा होता, असं कारण मी नंतर स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. प्रश्न मला विचारला गेला होता, आणि उत्तर मला माहीत आहे असं वाटण्यात एक सुख होतं. मी उठलो नाही. टाइप केलं, 'नाही. नऊच्या नऊ खुल्या ठेव.'

वेबसाइट छान झाली. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी मान डोलावून "बरं दिसतंय" म्हटलं. महिन्याभरात त्यांचा फोन निम्म्यानं कमी वाजू लागला. नऊ खोल्यांचा तक्ता माझ्या फोनवर दिसायचा. भरलेली खोली हिरवी. बहुतेक दिवस सगळं हिरवंगार. ऑफिसात मी 'चांगले प्रॉम्प्ट कसे लिहावेत' यावर एक सेशन घेतलं. त्यात छत्राचंच उदाहरण दिलं. 'मी विचारायला सांगितलं म्हणून त्यानं विचारलं' हे वाक्य त्यातलं सगळ्यात जास्त कौतुकाचं ठरलं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी छत्रावर गेलो. स्वयंपाकघराचा नवा फोटो घ्यायचा होता. ऑफिसात कुणी नव्हतं. रजिस्टरांच्या कपाटामागे गादीची गुंडाळी उभी केलेली दिसली. खिडकीच्या कठड्यावर कंगवा, गोळ्यांची पाकिटं, दाढीचं सामान. अण्णांचं.

तेवढ्यात अण्णा आले. एक हात कमरेवर होता.

"अण्णा, इथे झोपताय?"

"तिकडं उकडतं स्वल्प."

मी अंगात स्वेटर घातला होता. त्यांच्या डोक्याला मफलर होता. ते माझ्याकडे न बघता कॉफी आणायला गेले.

मी मागच्या अंगणात गेलो. अण्णांच्या खोलीचं दार उघडं होतं. एक बाई दोरीवर लुगडं वाळत घालत होती. डोक्याला घट्ट रुमाल, एका हातात ताकद कमी असल्यासारखी हालचाल. तिचा नवरा धावत येऊन दुसरं टोक धरत होता. मला त्यानं छत्रात उतरलेलाच कुणीतरी समजलं असावं. दोन मिनिटांत बोलायला लागला.

त्याचं नाव महादेव, बायकोचं शालन. जतच्या पलीकडचं गाव. तिकडच्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली म्हणून एका दिवसाचं काम समजून आले होते. एक पिशवी, एक जोडी कपडे. इथल्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, उद्यापासून शेक सुरू. शेक म्हणजे रेडिएशन. सात आठवडे, रविवार सोडून रोज.

"कुठं ऱ्हायचं आमी?" महादेव म्हणाले. "दवाखान्यातल्या एकानं हे छत्र सांगितलं. आलो तर हितं समद्या खोल्या भरलेल्या. मी म्हनलं, चल परत गावाला. पर परत गेलो असतो तर हिला पुन्यांदा आणणं माझ्यानं झालं नसतं. ते मला बी ठावं होतं, हिला बी."

"मग?"

"अण्णा म्हनले, खोली हाय. आणि ह्या खोलीत आणलं. दोन दिसांनी मला कळलं का ही त्यांचीच हाय. मी भांडलो त्यांच्यासंगं. ऐकत्यात व्हय?"

शालनताई दोरीपलीकडून म्हणाल्या, "त्यांचा देव तेवढा ऱ्हायलाय आमच्याकडं. मी त्याला रोज फूल घालती."

मी ऑफिसात परत गेलो. तक्ता उघडून पाहिला. ते दोघं आले त्या दिवशी नववी खोली कुणाकडे होती? नागपूरहून इंटरव्ह्यूला आलेल्या दोन मुलांकडे. माझ्याच गावची. रीतसर ऑनलाइन बुकिंग. त्यांच्यानंतर दुसरं, मग तिसरं. पुढचे दीड महिने हिरवे होते.

अण्णांनी कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवला.

"अण्णा, नववी खोली कशासाठी होती?"

ते समोर बसले. मग सांगितलं. न कळवता येणाऱ्यांसाठी. शेकायला, ऑपरेशनला येणारे बरेचजण असेच येतात. एका दिवसाचं म्हणून निघतात आणि डॉक्टर थांबा म्हणतो. त्यांना बुकिंग कसं करता येणार? त्यांनाच माहीत नसतं की राहायचंय. म्हणून एक खोली कायम रिकामी. फार वर्षांपूर्वी रजिस्टरात तिच्यापुढे 'राखीव' असं लिहायचे. मग कमिटीतल्या कुणाची भाची लग्नाला यायची, कुणाचा साहेब फिरायला यायचा. राखीव आहे ना, मग आम्हाला द्या. शेवटी अण्णांनी ती खोली रजिस्टरातूनच काढून टाकली. विचारणाऱ्याला सांगायचं, खोल्या आठ.

"राखीव लिहिलं की तिला मालक होतात सार. लिहिलंच नाही तर कोण मागणार?"

"मला सांगायचं होतं ना, अण्णा."

"सांगितलं की. आठ म्हटलं."

मी पेला बाजूला ठेवला.

"वेबसाइट सुरू झाल्यावर तरी?"

"अक्का किती खूश होत्या. तुम्ही पण सुट्टीच्या दिवशी येऊन येऊन केलंत. आणि यंत्राला काय ठाऊक, बिचाऱ्याला."

इथे मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. दोष यंत्रावर गेला असता आणि यंत्रानं तक्रार केली नसती. माझ्या क्षेत्रात हल्ली हे रोज घडतं. पण समोर तो मफलर, कपाटामागे ती गादी आणि मागच्या दारातून दोरीवरचं लुगडं एकदमच दिसत होतं.

"यंत्रानं विचारलं होतं अण्णा," मी म्हणालो. "एखादी खोली वगळायची का, असं स्पष्ट विचारलं होतं. तुम्ही तिथे नळापाशी होतात. मी तुम्हाला न विचारता नाही म्हणून सांगितलं. आणि तुम्ही आठ म्हटलेलं मला आठवत होतं. तुम्ही चुकलात असं मी धरून चाललो."

अण्णांनी पेला माझ्याकडे सरकवला.

"सरी, असू दे. आता कळलं की. प्या, निवेल."

मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तिथेच बसून दुरुस्ती सुरू केली आणि लगेच दुसरी चूक केली. असिस्टंटला लिहिलं, 'नववी खोली तातडीच्या रुग्णांसाठी राखीव ठेव.' त्यानं इमानदारीनं तसंच केलं. पहिल्या पानावर लाल बटण आलं: 'तातडीच्या खोलीसाठी अर्ज करा.' खाली फॉर्म, कागदपत्रं जोडायची सोय.

अण्णांनी वाकून पाहिलं. "झालं. उद्यापासून सगळ्यांनाच तातडी."

मग मी लिहिलं की नवव्या खोलीचा कुठेही उल्लेख करू नको. तर त्यानं बटण काढलं, पण प्रश्नोत्तरांच्या पानावर एक ओळ ठेवली: 'काही खोल्या ऑनलाइन उपलब्ध नाहीत.' हे मी नंतर सेशनमध्ये सांगायला लागलो. असिस्टंटला एखादी गोष्ट सांगून 'ही लपव' म्हटलं, तर तिचा वास कुठेतरी राहतो. जी गोष्ट यायलाच नको, ती त्याला सांगायचीच नाही. मी सगळं पुसलं, नवीन प्रोजेक्ट उघडला आणि पहिल्या ओळीत छत्राला आठ खोल्या आहेत असं लिहिलं. मग अण्णांना विचारलं, "न कळवता येणाऱ्यांसाठी काय लिहू?"

"लिहा, आधी कळवणं जमलं नाही तरी या. खाली माझा फोन घाला."

ते वाक्य मी जसंच्या तसं घातलं आणि त्याची भाषा बदलू नको असं असिस्टंटला बजावलं. हेही त्याला सांगावं लागतं, नाहीतर तो 'आपले सहर्ष स्वागत आहे' करून टाकतो.

वेबसाइट सुधारली, पण नवव्या खोलीची घेतलेली बुकिंगं होतीच. ती माणसं कुठे जाणार? मी एकेकाला फोन केला. छत्राची चूक नाही, माझी आहे, हे पहिल्या वाक्यात सांगितलं. बहुतेकांनी समजून घेतलं. दोघांना आठांतली एखादी खोली दुसऱ्या तारखेला मिळाली. नागपूरची मुलं तर केव्हाच परत गेली होती. फक्त पुण्याच्या विद्याताई ऐकेनात, आणि त्यांचं बरोबर होतं.

"तीन महिने थांबल्यावर सासूबाईंची अपॉइंटमेंट मिळालीय. बुकिंग कन्फर्म आहे तुमचं. आता ऐनवेळी मी त्यांना घेऊन कुठे हिंडू?"

"आमच्या घरी या," मी म्हणालो. नीताला न विचारता. उत्तर दुसऱ्याचं असताना आपणच देऊन टाकायची सवय अशी एका दिवसात जात नाही.

नीतानं सगळं ऐकून घेतलं. "छत्राचं काम म्हणजे लॅपटॉपवरचं, असं म्हणाला होतास."

"हो."

"मुलाची खोली रिकामी करते. पण यापुढे फोन ठेवायच्या आधी मला विचारत जा." आणि ती चादरी काढायला गेली.

विद्याताई आणि त्यांच्या सासूबाई पाच दिवस राहिल्या. बेळ्ळंदूरहून दवाखाना लांब. सकाळी सहाला निघालो तरी रिंग रोडवर गाडी चालत कमी, थांबत जास्त. सासूबाई मागे बसून थर्मासमधला चहा मला झाकणात ओतून द्यायच्या. "तुम्ही ऑफिसला कधी जाता हो?" असं त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं. चौथ्या दिवशी मी त्यांना खरी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही घोळ घातला म्हणून आम्हाला ड्रायव्हर मिळाला," आणि खूप हसल्या.

दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, नववी खोली रिकामी झाली होती; महादेव आणि शालनताई सोमवारीच तिथे गेले. अण्णा आपल्या पलंगावर परत गेले. कमरेचं दुखणं मात्र पुढे महिनाभर राहिलं. मी तेल आणून द्यायचो. ते "बेडा, बेडा" म्हणत घ्यायचे. बेडा म्हणजे नको.

शेक पूर्ण झाला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. शालनताईंच्या गळ्याची कातडी काळवंडली होती, पण भूक परत आली होती. डॉक्टरनं तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलं होतं. पिशवी एकच होती, आता जरा फुगली होती.

"तुमीच ते फोनवालं केलं न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. आता काय ऐकायला मिळतंय याची तयारी केली.

"माझ्या भावजयीच्या बहिणीला बी असलंच दुखणं निघालंय. तिच्या पोरानं बघितलं फोनवर. म्हनला, मावशे, आठच खोल्या हायत आणि आठी भरल्यात. मी म्हनलं, त्याच्या खालची वळ वाच. मग निघा."

"मग निघाले का ते?"

"येत्यात की परवा. खोली झाडून ठेवली मी."

अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी रिक्षावाल्याला कन्नडमध्ये सावकाश ने म्हणून दोनदा सांगितलं.

ऑफिसातल्या त्या सेशनला आलेल्या सगळ्यांना मी नंतर एक मेल पाठवला. उदाहरण अर्धवट सांगितलं होतं, उरलेलं असं आहे, एवढंच लिहिलं. आता शिकवताना प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं ते आधीसारखंच सांगतो: माणसं कोण, गरज काय, काय नको, आणि शंका असेल तर विचार. त्यात एकच भर घातली आहे. असिस्टंटनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याच्यापर्यंत जाऊन यायचं, मग टाइप करायचं. तोवर स्क्रीनवर कर्सर लुकलुकत राहतो. राहू द्यावा. त्याला कुठे झोपायचं याची काळजी नसते.